शुक्रवारचा भीमपलास

थंडी पडली की माझा पहिला उद्योग म्हणजे लोखंडी पेटी उघडून चादरी बाहेर काढायच्या. घरात आता मऊ मऊ ब्लँकेटं आहेत. सुनेनं हौसेनं आणलेली, उशीएवढ्या पिशवीत घडी होऊन बसणारी. ती मला चालत नाहीत. अंगावर काहीतरी आहे असं वाटायला नको? साठ वर्षं सोलापुरात काढलेल्या बाईनं सोलापुरी चादर सोडून कापसाच्या ढगात झोपायचं म्हणजे गावाला तोंड कसं दाखवायचं. सून हसते आणि पेटी उघडायला मदत करते.

पेटीच्या तळाशी एक तांबडी-काळी चादर आहे. विटली आहे, पण विरलेली नाही. तिच्या मधोमध एक आडवी बारीक रेघ आहे. डोळ्यांना आता दिसत नाही, पण हात फिरवला की बोटाला लागते. चालता माग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की कापडात असा पट्टा पडतो. जाणकार गिऱ्हाईक अशी चादर हातात घेतल्याबरोबर बाजूला टाकतं. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती विकायला ठेवलीच नाही. घरात आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही वापरायला राहू दे. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती.

दर थंडीत ही चादर निघाली की माझी ती पहिली थंडी निघते. मी बार्शीहून लग्न होऊन भवानी पेठेत आले ती थंडी. साल सांगत बसत नाही. रेडिओ ठेवायला पोस्टात जाऊन परवाना काढावा लागायचा, तेव्हाची गोष्ट, एवढं पुरे. घर म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि त्याच्या पाठीमागे पत्र्याच्या शेडमध्ये विजेवर चालणारे चार माग. बोळातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या पाठीमागे असेच माग. सकाळी साडेसातला ते सुरू झाले की भिंतीवरच्या तसबिरी थरथरायच्या. पहिले आठ दिवस मी घरात ओरडून बोलत होते. मग लक्षात आलं, इथं कुणीच ओरडत नाही. इथली माणसं समोरच्याच्या ओठांकडं बघून बोलणं समजून घेतात. महिन्याभरात मीही शिकले. अजून नातू मोबाइलवर हळू आवाजात काय बोलतो ते मला लांबून कळतं, हे त्याला माहीत नाही.

आणि अशा ह्या घरात रेडिओ होता. बोळातला एकुलता एक. पुढच्या खोलीत टेबलावर, हिरव्या कशिद्याच्या कापडाखाली झाकलेला. गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये त्याची तांब्याच्या जाळीची एरियल. सकाळी सहाच्या आधी तो लावायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात सगळ्यात आधी उठणारी मी. बटण फिरवलं तरी लगेच आवाज यायचा नाही. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. मग समोरचा बारका हिरवा दिवा, त्याला आम्ही डोळा म्हणायचो, हळूहळू उजळायचा आणि कुठून तरी लांबून केंद्राची सुरुवातीची धून जवळ यायची. मग सनई. मग भक्तिगीतं, तोवर बंबातलं पाणी तापलेलं. बातम्यांना आप्पांचा चहा. मग माग सुरू व्हायचे आणि रेडिओ दिवसभर त्या खडखडाटात आपलं आपलं बोलत राहायचा. कान त्याच्या पुढच्या कापडाला लावला तरच गाणं ऐकू यायचं. मी भांडी विसळता विसळता मध्येच येऊन कान लावून जायची.

मला राग कळत नव्हते. बार्शीच्या बाजारात लग्नाच्या कर्ण्यावर जे वाजायचं तेवढंच माझं संगीत. पण रेडिओनं मला राग शिकवले, तेही कामांच्या हिशेबानं. भैरव म्हणजे दूध तापवायची वेळ. तोडी म्हणजे भाकरी. सारंग म्हणजे धुणं वाळत घालणं, डोक्यावर ऊन. आजही कुठं तोडी लागली की माझे हात पीठ शोधतात. संध्याकाळी माग थांबले की शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, बाजारभाव, एखादं कीर्तन, एखादी श्रुतिका. श्रुतिकेत दार वाजलं की आमच्या पुढच्या खोलीत बसलेल्या चार-दोन बायका दाराकडं बघायच्या.

मला सगळ्यात जास्त आदर वाटायचा तो निवेदकांचा. काय स्वच्छ बोलायची ती माणसं. मोठ्यातला मोठा गवई असो नाही तर पहिल्यांदा आलेला कुणी कोवळा गायक, नाव घेताना आवाजात तोच मान. आणि सगळं घड्याळावर. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. आता नातू म्हणतो, आजी, हवं ते गाणं सांग, आत्ता लावतो. लावतोही बिचारा. मी ऐकते, डोळे भरून येतात कधी कधी. पण ते गाणं हुकणार नाही हे मला आधीच माहीत असतं. तेव्हाचं गाणं एकदाच यायचं. तुम्ही त्या वेळी तिथं असलात तर तुमचं, नाही तर गेलं. म्हणून माणसं अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून रेडिओसमोर बसायची. मला हे आजही थोर वाटतं.

आता त्या पिनेबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

इतके माग एकदम चालायचे की बोळातला विजेचा दाब सदा पडलेला. दिवे पिवळे, रेडिओचा आवाज घोगरा. म्हणून दुरुस्तीवाल्यानं एक युक्ती करून दिली होती. रेडिओच्या पाठीमागे एक छोटी पिन असायची आणि तिच्याभोवती आकडे. पिन खालच्या आकड्यावर ठेवली की कमी दाबावरही रेडिओ नीट चालायचा. फक्त शुक्रवारी मागांना सुट्टी. त्या दिवशी बोळात वीज पुरी यायची, म्हणून शुक्रवारी सकाळी रेडिओ लावायच्या आधी पिन वरच्या आकड्यावर न्यायची आणि शनिवारी परत खाली. मी कॉलेजात वर्षभर सायन्स शिकलेली, म्हणून आप्पांनी ही पिन माझ्या ताब्यात दिली. नव्या सुनेला किल्ल्या देतात, मला पिन मिळाली. मला त्याचा फार अभिमान होता.

माझ्या थोरल्या नणंदबाई वत्सला, आमच्या वन्सं, मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. तिशी उलटलेली, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात आता कुणी बोलतही नव्हतं. आप्पांनी त्यांना लहानपणापासून गाण्याच्या बुवांकडं शिकायला घातलेलं. मिरजेचा तंबोरा आप्पांनी स्वतः मांडीवर धरून गाडीतून आणलेला. पण बापानं मुलीच्या गाण्यापुढं बसून मान डोलवायची, ही रीत आमच्याकडं नव्हती. गाणाऱ्या बाईबद्दल तेव्हा लोक काय काय बोलायचे ते आजच्या मुलींना सांगूनही पटत नाही. म्हणून वन्संनी स्वतःच एक शिरस्ता पाडून घेतला होता. रियाज करायचा तो माग चालू असताना, मधल्या खोलीत दार लावून. खडखडाटात गाणं झाकलं जायचं. शुक्रवारी माग बंद, त्या दिवशी वन्संही बंद. शुक्रवारी मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नाही. आणि आप्पांनी तर स्वतःच्या मुलीचं गाणं सलग असं कधीच ऐकलेलं नव्हतं.

त्या थंडीत पुण्याच्या केंद्राचं पाकीट आलं. वन्संची आवाजाची परीक्षा आधीच झालेली होती, आता कार्यक्रम मिळाला होता. मंगळवार, दुपारी एक वाजता, पंधरा मिनिटं, राग वृंदावनी सारंग. पेपरात दिवसाचे कार्यक्रम छापून यायचे, त्यात हे सगळं नावासकट आलं. आप्पांनी तो पेपर चार घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मला तेव्हा कळलं की ह्या माणसाला काय मिळणार होतं. समोर न बसता, रीत न मोडता, दुसऱ्या कुणाही गायकाचं ऐकावं तसं मुलीचं गाणं ऐकता येणार होतं. वन्संनाही ते माहीत होतं. सोमवारी माझे यजमान त्यांना घेऊन स्टेशनवर निघाले तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सुमन, स्टेशन नीट लाव गं. आप्पांना ऐकू आलं पाहिजे."

पण मागांचं काय करायचं? मंगळवारी ते चालूच राहणार. आप्पा कुणापुढं काही मागायला जाणारे नव्हते. त्या दिवशी सकाळी कोट घालून ते बोळातल्या प्रत्येक शेडच्या दारात गेले आणि एक वाजता पंधरा मिनिटं माग बंद ठेवाल का, असं विचारून आले. भरल्या ताण्यावर, म्हणजे उभे धागे चढलेले असताना, चालता माग थांबवायला विणकर सहजासहजी तयार होत नाही, कापडाला पट्टा पडतो. सगळे तयार झाले. समोरच्या शेडच्या नरसम्माअक्का, तेलुगू बाई, मराठी मोडकं पण मन मोकळं, त्या तर म्हणाल्या की पंधरा मिनिटं काय, अर्धा तास ठेवते.

एक वाजायला दहा मिनिटं असताना आमची पुढची खोली भरली. विणकर हात धुऊन आले होते, तरी कपड्यांवर कापसाचे तंतू. बायका मधल्या दारात. आप्पा खुर्चीवर, रेडिओच्या अगदी समोर. आधीच्या कुणा गवयाचं गाणं चालू होतं, पण खडखडाटात तो काय गातोय ते कुणालाच कळत नव्हतं. मी काटा केसाकेसानं हलवत स्टेशन धरून ठेवलं होतं. माझं सगळं चित्त त्या काट्यात.

मग एकेक माग थांबत गेला. आधी आमचे चार, मग समोरचे, मग बोळाच्या टोकापर्यंतचे. इतकी शांतता त्या बोळात मी कामाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पिवळा दिवा पांढरा झाला. रेडिओचा आवाज मोठा आणि इतका खणखणीत झाला की सगळे एकमेकांकडं बघून हसले. निवेदकानं, त्याच मानानं, नाव घेतलं. "आता ऐकू या, वत्सला होटगीकर यांचं शास्त्रीय गायन." आप्पांनी खाली बघितलं. रेडिओच्या आत फट्ट असा आवाज झाला, हिरवा डोळा मिटला आणि जळका वास आला.

मला त्याच क्षणी पिन आठवली. माग बंद म्हणजे वीज पुरी, आणि पिन खाली. मी वायर ओढून काढली, पण व्हॉल्व्ह गेलेला होता. तिथं चाळीस माणसं होती आणि त्यातल्या कुणालाही मला बोल लावायचं सुचलं नाही. सगळे आप्पांकडं बघत होते. आप्पा उठले नाहीत. ते उठले नाहीत म्हणून कुणीच उठलं नाही. त्या मेलेल्या रेडिओसमोर आम्ही सगळे पुरी पंधरा मिनिटं बसून राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी. पुण्यात त्या वेळी वन्सं गात होत्या.

सव्वा वाजता आप्पा उभे राहिले. म्हणाले, "माग चालू करा. आनि पोरीला कुनी काय सांगायचं न्हाय. ऐकलं म्हनायचं."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आप्पा दारात आले, आत न येता म्हणाले, "माग मी बंद पाडले की. पिनेचं मलाबी ठावं हाय." आणि शेडमध्ये निघून गेले. चूक माझी होती आणि ती त्यांनी अशी उचलून नेली. त्यानंतर मी ह्या माणसाबद्दल कधी कुणाचं वाकडं ऐकून घेतलं नाही.

बुधवारी सकाळी वन्सं आल्या. टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला तेव्हाच बायका पुढं गेल्या. लई गोड झालं, ताई, असं नरसम्माअक्का त्यांचे दोन्ही हात धरून सांगत होत्या. वन्सं घरात आल्या, आप्पांच्या पाया पडल्या. आप्पा म्हणाले, "सारंग लई चांगला झाला. ताना साफ आल्या." वन्सं क्षणभर तशाच वाकलेल्या राहिल्या. मग उठल्या, म्हणाल्या, "बरं झालं, आप्पा." आणि आत जाऊन पदर खोचून माझ्याबरोबर भाकरीला बसल्या. टेबलावरच्या झाकलेल्या रेडिओकडं त्यांनी बघितलंही नाही. संध्याकाळीही त्यांनी तो लावून बघितला नाही, तेव्हा मला थोडं नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी सहज सांगितलं. ताईच्या आधी एक बुजुर्ग गवई होते, ते सारंगच आळवून गेले. तेव्हा तिथले अधिकारी म्हणाले, बाई, लागलीच पुन्हा सारंग नको, दुसरं काही तयार आहे का? ताईनं उभ्या उभ्या भीमपलास ठरवला. "काय सुरेख झाला, नाही?" ह्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. मग माझ्या डोक्यात हिशेब लागला. म्हणजे आप्पांनी सारंग म्हटलं त्याच क्षणी वन्संना कळलं होतं. बोळात एकानंही त्यांचं गाणं ऐकलेलं नाही, हे ओळखून त्या 'बरं झालं' म्हणाल्या होत्या.

कुणाला सांगायचं? आप्पांना सांगावं तर त्यांचं खोटं उघडं पडतं. वन्संना सांगावं तर त्यांना ते माहीतच आहे. त्या घरात एक दिवस सगळेजण एकमेकांना जपत, भांड्याला भांडं न लागू देता वावरत होते. त्या दोघांत ह्या गोष्टीवर पुढंही कधी एक अक्षर झालं नाही. पुढं वन्सं किती तरी वेळा रेडिओवर गायल्या. पिन मी जातीनं बघायची, आप्पांनी ती सगळी गाणी ऐकली. आता दोघंही नाहीत. आमचे माग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले, पत्र्याच्या शेडमध्ये मुलाची मोटार उभी असते. बोळ शांत आहे. इतका, की कधी कधी मलाच खडखडाट हवासा वाटतो.

पण त्या आठवड्यातला तो शुक्रवार.

बोळात सुट्टीची शांतता होती. मावसदिरांच्या शेतावरून हुरडा आला होता, शेंगाचटणी मी सकाळीच कुटलेली. सवयीनं मी रेडिओवरचं कापड बाजूला केलं, हात पाठीमागे पिनेकडं गेला आणि मी तिथंच थबकले. दुरुस्तीवाला म्हणाला होता, नवा व्हॉल्व्ह मुंबईहून यायचा आहे. जेवणं झाली. वन्सं मला म्हणाल्या, "सुमन, आप्पांना रेडिओजवळ बसव."

मी म्हणाले, "वन्सं, रेडिओ बंद आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि मधल्या खोलीत गेल्या. दार लावलं नाही, नुसता पडदा ओढला.

मी आप्पांना काय सांगावं? मी एवढंच म्हणाले, जरा पुढं बसा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मंगळवारच्याच खुर्चीवर जाऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. पडद्याआड तंबोरा लागला.

निवेदकाच्या तोंडून नाव आम्ही मंगळवारीच ऐकलं होतं. राहिलं होतं ते गाणं. ते सुरू झालं, झाकायला एकही माग नसताना. पहिला गंधार आला तशी आप्पांची मान वर झाली. हा सारंग नव्हता, एवढं त्यांना कळत होतं. मी त्यांचा चेहरा बघितला. मुलीला सगळं ठाऊक आहे, हे त्यांना त्याच वेळी कळलं असणार. त्यांनी पडद्याकडं वळून पाहिलं नाही. न उजळलेल्या त्या डोळ्याकडं बघत ते ऐकत राहिले, हात गुडघ्यांवर ठेवून. बोळात दारं उघडत गेली. नरसम्माअक्का सूप हातात घेऊन पायरीवर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. भीमपलास मला तोवर माहीत नव्हता. तो कुठल्या कामाचा राग, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही, कारण त्या पंधरा मिनिटांत मी काहीच काम केलं नाही. मी पडद्याला टेकून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

सव्वाला तंबोरा थांबला. आप्पा उठले, टेबलाशी गेले. मंगळवारपासून रेडिओचं बटण चालूवरच राहिलं होतं, आम्ही नुसती वायर ओढून काढलेली. आप्पांनी ते फिरवून बंद केलं आणि कशिद्याचं कापड चारी बाजूंनी सारखं करून रेडिओवर घातलं.